तीन नद्यांच्या काठाने : मोटारीने परभणी जिल्हा

परभणी जिल्हा मोटारीने पाहायचा तर वर्तुळाकार मार्ग सर्वांत सोयीचा पडतो. परभणी शहरातून उत्तरेला जिंतूर, तेथून पश्चिमेला चारठाणा, मग वालूर आणि सेलू, दक्षिणेला मानवत आणि पाथरी, पुढे गोदावरीच्या आसपास राहत मुद्गल, सोनपेठ, गंगाखेड आणि पालम, तिथून पूर्णा आणि पुन्हा परभणी असा हा फेरा आहे. आडवाटेची गावे धरून तो साधारण साडेतीनशे ते चारशे किलोमीटरचा होतो. जिल्ह्याचे नऊही तालुके त्यात येतात. चार दिवस हाताशी असले तर घाई न करता सगळे पाहून होते.

जिथून निघायचे तिथेच परत यायचे आणि एकही रस्ता शक्यतो दुसऱ्यांदा तुडवायचा नाही, ही फिरण्याची पद्धत बेटांच्या देशांत रुळली आहे. आइसलंडमध्ये बेटाला वळसा घालणारा वर्तुळमार्ग १९७४ साली पूर्ण झाला. १,३०० किलोमीटरहून थोडा अधिक लांबीच्या त्या रस्त्याने आज जगभरचे प्रवासी भाड्याची गाडी घेऊन तो देश पाहतात. श्रीलंका आणि न्यूझीलंड येथेही असेच होते. अशा प्रवासात एका प्रसिद्ध स्थळासाठी धावायचे नसते. वाटेतली गावे, पिके, नद्या, देवळे आणि माणसे क्रमाने पाहत जायची असतात. समुद्रापासून शेकडो किलोमीटर दूर असलेल्या परभणीला हीच पद्धत शोभते, कारण या जिल्ह्याचे वैभव एका जागी साठलेले नाही. ते नदीकाठच्या आणि डोंगरपायथ्याच्या गावांत विखुरले आहे. आणि बेट म्हणाल, तर या फेऱ्यात एक बेटही लागते.

रेल्वेने परभणी बऱ्याच जणांनी पाहिलेली असते. मनमाडहून सिकंदराबादकडे जाणारा लोहमार्ग निजामाच्या काळात घातला गेला आणि सेलू, मानवत रोड, परभणी, पूर्णा ही स्थानके नकाशावर आली. परभणीहून परळीकडे जाणारा फाटा गंगाखेडवरून जातो. पण जिंतूर, पाथरी, सोनपेठ आणि पालम ही तालुक्याची गावे रेल्वेपासून बाजूला राहिली. चारठाणा, वालूर, मुद्गल, धारासूर ही नावे तर रेल्वेच्या खिडकीतून कधीच दिसत नाहीत. म्हणून या जिल्ह्याला स्वतःची गाडी हेच खरे वाहन आहे.

भूमी आणि रस्ते

जिल्ह्याची रचना समजून घेतली की मार्ग आपोआप उलगडतो. उत्तरेला जिंतूरच्या बाजूने अजिंठ्याच्या रांगांचे फाटे येतात. दक्षिणेला गंगाखेड आणि पालमच्या बाजूला बालाघाटच्या टेकड्या आहेत. या दोहोंच्या मधली जमीन सपाट, काळी आणि खोल आहे. या मधल्या पट्ट्यातून तीन नद्या वाहतात. गोदावरी जिल्ह्याच्या दक्षिण भागातून पूर्वेकडे जाते. पूर्णा अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावून जिंतूरच्या बाजूने जिल्ह्यात येते. दुधना जालन्याकडून सेलूला येते आणि पुढे पूर्णेला मिळते. पूर्णा शेवटी पूर्णा तालुक्यात कंठेश्वराजवळ गोदावरीत विलीन होते. विदर्भातून वाहत तापीला मिळणारी पूर्णा ही वेगळी नदी आहे, हे लक्षात ठेवलेले बरे.

काळी जमीन हे इथल्या शेतीचे बळ आहे, आणि रस्त्यांची डोकेदुखीही तीच आहे. ही माती पाणी प्याली की फुगते आणि उन्हाळ्यात आटली की तिला हातभर खोल भेगा पडतात. वरचा रस्ता या फुगण्या-आकसण्याबरोबर उचलला जातो आणि खचतो. म्हणून भराव आणि खडीकरण नीट झालेले नसेल तर नवा डांबरी रस्ताही दोन पावसाळ्यांत लाटांसारखा होतो. पाथरी, मानवत आणि परभणी यांना जोडून वसमत-नांदेडकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग क्रमांक ६१ हा जिल्ह्याचा कणा आहे. तालुक्यांना जोडणारे मुख्य रस्ते बहुतेक ठिकाणी चांगले आहेत. गावांत शिरणाऱ्या आतल्या रस्त्यांवर मात्र वेग आवरता ठेवावा लागतो. पावसाळ्यात ओढ्यावरच्या बुटक्या पुलांवरून पाणी वाहत असेल तर गाडी घालू नये, हा इथला पहिला नियम आहे.

प्रवासाला ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. परतीचा पाऊस सरलेला असतो, धरणे आणि बंधारे भरलेले असतात, कापूस फुटलेला असतो आणि रब्बीची ज्वारी वर येत असते. डिसेंबर-जानेवारीत हुरड्याचे दिवस येतात. थंडीही इथे चांगलीच पडते. एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि दुपारचा प्रवास नकोसा होतो.

परभणी : ज्वारीचे आणि साहित्यिकांचे शहर

या भागावर चालुक्य, यादव, बहमनी, निजामशाही, मोगल आणि अखेर हैदराबादचे निजाम अशा राजवटी येऊन गेल्या. १७ सप्टेंबर १९४८ रोजी मराठवाडा निजामाच्या सत्तेतून मुक्त झाला. १९५६ मध्ये तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. १९८१ मध्ये परतूर तालुका नव्या जालना जिल्ह्यात गेला आणि १ मे १९९९ रोजी हिंगोली वेगळा जिल्हा झाला. आजचा परभणी जिल्हा म्हणजे या दोन विभाजनांनंतर उरलेला, सहा हजार चौरस किलोमीटरहून थोडा मोठा प्रदेश आहे. २०११ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या १८ लाख ३६ हजार होती.

‘बनी तो बनी, नहीं तो परभणी’ आणि ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ ही दोन वाक्ये परभणीकरांच्या तोंडी कायम असतात. दुसरे तर परगावी भेटलेले दोन परभणीकर एकमेकांची ओळख म्हणून म्हणतात. शहर पाहण्याची सुरुवात मात्र कृषी विद्यापीठापासून करावी. इथे १९५६ पासून कृषी महाविद्यालय होते. १८ मे १९७२ रोजी मराठवाडा कृषी विद्यापीठ स्थापन झाले आणि २०१३ मध्ये त्याला वसंतराव नाईक यांचे नाव देण्यात आले. भेंडीवरच्या हळद्या रोगाला दाद न देणारा ‘परभणी क्रांती’ हा वाण याच विद्यापीठाचा. रब्बी ज्वारीचा ‘परभणी मोती’ही इथलाच. २०१८ मध्ये आलेल्या ‘परभणी शक्ती’ या ज्वारीच्या वाणात लोह आणि जस्ताचे प्रमाण मुद्दाम वाढवलेले आहे. गाडीच्या दोन्ही बाजूंना पुढचे शेकडो किलोमीटर जी पिके दिसतात, त्यांतल्या अनेकांचे बियाणे या आवारातल्या प्रयोगशेतांतून गेलेले असते.

शहराची दुसरी ओळख सय्यद शाह तुराबुल हक यांच्या दर्ग्याची. फेब्रुवारीच्या सुरुवातीला भरणारा त्यांचा उरूस हिंदू आणि मुस्लिम दोघांचाही असतो आणि तेव्हा खेड्यापाड्यांतून माणसे परभणीला लोटतात. पाऱ्याच्या शिवलिंगासाठी ओळखले जाणारे पारदेश्वर मंदिरही शहरातच आहे. तिसरी ओळख साहित्याची. कवी आणि कादंबरीकार बी. रघुनाथ यांनी आयुष्याचा मोठा काळ इथे सरकारी नोकरीत घालवला आणि १९५३ मध्ये इथेच त्यांचा मृत्यू झाला. १९९५ चे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन परभणीत भरले; नारायण सुर्वे त्याचे अध्यक्ष होते. ‘आलोक’ या कथासंग्रहासाठी २०१६ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळवणारे आसाराम लोमटे याच जिल्ह्याचे. मोठ्या फेऱ्याला लागण्यापूर्वी अर्धा दिवस असेल तर गंगाखेड रस्त्यावर वीसेक किलोमीटरवर असलेल्या पोखर्णीच्या नृसिंह मंदिरात जाऊन यावे. गाभाऱ्याचे दार इतके बुटके आहे की प्रत्येकाला वाकूनच आत जावे लागते.

जिंतूर आणि पूर्णेचे खोरे

परभणीहून झरी आणि बोरी या मोठ्या गावांवरून जिंतूर साधारण पंचेचाळीस किलोमीटर आहे. बोरीपर्यंत सपाट शेते असतात, त्यापुढे जमीन चढू लागते, मातीचा रंग फिका होतो आणि क्षितिजावर टेकड्या येतात. जिंतूरपासून तीनेक किलोमीटरवर नेमगिरी आणि चंद्रगिरी या जोडटेकड्या आहेत. नेमगिरी हे दिगंबर जैनांचे महत्त्वाचे तीर्थक्षेत्र आहे. टेकडीच्या पोटात लहान लहान गुहा आहेत, त्यांची दारे अरुंद आहेत आणि आत मात्र भव्य मूर्ती आहेत. नेमिनाथांची पद्मासनातली मूर्ती पाहिली की एवढ्या छोट्या दारातून ती आत आली कशी, हा प्रश्न प्रत्येकाला पडतो. पार्श्वनाथांची मूर्ती एका लहानशा दगडावर तोललेली आहे आणि अधांतरी असल्यासारखी दिसते. म्हणून तिला अंतरिक्ष पार्श्वनाथ म्हणतात. याच नावाचे दुसरे प्रसिद्ध तीर्थ वाशीम जिल्ह्यातील शिरपूर येथे आहे. मराठवाडा आणि वऱ्हाड यांच्या सीमेवर जैन व्यापारी आणि साधूंची ये-जा किती जुनी आहे, याची ही दोन ठिकाणे साक्ष आहेत.

जिंतूरहून उत्तरेला साधारण पंधरा किलोमीटरवर येलदरी धरण आहे. पूर्णेवरचे हे धरण १९६८ मध्ये पूर्ण झाले. त्याचा उपयुक्त साठा सुमारे ८१० दशलक्ष घनमीटर आहे आणि पायथ्याशी साडेबावीस मेगावॅटचे जलविद्युत केंद्र आहे. येलदरीत साठवलेले पाणी खाली सिद्धेश्वर धरणात सोडले जाते आणि तेथून कालव्यांनी हिंगोली, परभणी आणि नांदेड जिल्ह्यांतील शेतांना जाते. एक धरण साठवणार आणि दुसरे वाटणार, अशी ही जोडी आहे. भरलेल्या येलदरीचे पाणी टेकड्यांच्या खोबणींत शिरलेले दिसते तेव्हा दुष्काळी म्हणून ओळखला जाणारा मराठवाडा आपल्यापुढे वेगळ्याच रूपात उभा राहतो. इथून औंढा नागनाथ जवळ आहे. हे ज्योतिर्लिंग १९९९ पर्यंत परभणी जिल्ह्यातच होते. वेळ असेल तर ते पाहून पुन्हा जिंतूरला यावे.

चारठाणा आणि वालूर : दगडातली श्रीमंती

जिंतूरहून मंठ्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर चारठाणा लागते. या एका गावासाठीसुद्धा परभणीची वाट धरावी, असे ते आहे. चालुक्य आणि यादव काळात हे भरभराटीचे ठाणे होते. गावात आणि गावाभोवती जुनी देवळे, बारवा, कोरीव खांब आणि मूर्ती पसरलेल्या आहेत. कधीकाळी इथे ३६० देवळे होती असे गावकरी सांगतात. आकडा परंपरेचा आहे, पण उरलेले पाहता तो अगदीच हवेतला वाटत नाही. गोकुळेश्वराचे मंदिर आणि उघड्यावर उभा असलेला उंच कोरीव स्तंभ आवर्जून पाहावा. स्तंभावरचे नक्षीचे थर पायाकडून वर मोजत गेले की त्या काळच्या पाथरवटांच्या हातातली सफाई कळते.

अशा देवळांना महाराष्ट्रात सरसकट हेमाडपंती म्हटले जाते. हेमाद्री किंवा हेमाडपंत हा तेराव्या शतकातला, देवगिरीच्या महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा प्रधान. चुना न वापरता घडीव दगड एकमेकांत बसवून बांधलेल्या मंदिरांना त्याचे नाव चिकटले. प्रत्यक्षात या शैलीची कितीतरी मंदिरे त्याच्या आधीची आहेत. ज्या भागात काळा बेसाल्ट जागोजागी उघडा पडलेला आहे, तिथे चुन्यावाचून उभे राहणारे बांधकाम विकसित होणे स्वाभाविक होते. दगडाचे स्वतःचे वजन आणि खाचा-कुसवांची जोडणी यांवर ही देवळे सात-आठशे वर्षे उभी आहेत.

चारठाण्याहून दक्षिणेला सेलू तालुक्यात उतरले की वालूर येते. वालूरचे नाव बारवांसाठी घ्यावे लागते. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. बेसाल्टच्या प्रदेशात पाणी खडकाच्या भेगांत असते आणि त्याची पातळी पावसाळा ते उन्हाळा कित्येक हात खाली जाते. दोर-पोहऱ्यापेक्षा माणसाला पाण्यापर्यंत चालत जाता यावे म्हणून पायऱ्या बांधल्या गेल्या. बहुतेक बारवांत पायऱ्या चारी बाजूंनी किंवा एका अंगाने सरळ उतरतात. वालूरच्या एका बारवेत मात्र त्या गोलाकार फिरत तळाला जातात. या चक्राकार रचनेमुळे ती राज्यभर ओळखली जाऊ लागली. वर्षानुवर्षे गाळ आणि कचऱ्याखाली गाडलेली ही बारव गावकऱ्यांनी श्रमदानाने मोकळी केली, ही गोष्ट तिच्या शिल्पाइतकीच महत्त्वाची आहे. वारसा जपण्याचे काम कोणाची वाट न पाहता गावाला करता येते, हे वालूरने दाखवून दिले.

सेलू, मानवत, पाथरी

सेलू आणि मानवत या कापसाच्या जुन्या बाजारपेठा. हंगामात रस्त्यावर कापसाने ओसंडणाऱ्या गाड्यांमागून हळूहळू जावे लागते. सेलूजवळ ब्रह्मवाकडी येथे दुधनेवर निम्न दुधना प्रकल्पाचे धरण आहे. त्याचा उपयुक्त साठा सुमारे २४२ दशलक्ष घनमीटर आहे. सेलू गावात केशवराज बाबासाहेब महाराजांचे मंदिर आहे. साईबाबांच्या गुरुपरंपरेशी त्यांचे नाते सांगणारी श्रद्धा या भागात खोल रुजलेली आहे.

मानवतहून पाथरीकडे जाताना उसाचे मळे वाढतात. याचे कारण पैठणच्या जायकवाडी धरणाचा डावा कालवा. २०८ किलोमीटर लांबीचा हा कालवा गोदावरीचे पाणी पाथरी आणि मानवतच्या शिवारांत आणतो. जिथे पूर्वी कोरडवाहू ज्वारी होती तिथे ऊस आला, आणि उसाबरोबर साखर कारखाने, ट्रॅक्टर आणि ऊसतोड कामगारांच्या पालांची वस्तीही आली.

पाथरी आज साईबाबांच्या नावाने ओळखली जाते. साईबाबांचा जन्म इथल्या भुसारी कुटुंबात झाला, असे मानणारा मोठा भक्तवर्ग आहे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात झालेल्या शोधांतून ही मांडणी पुढे आली आणि १९९९ मध्ये साई जन्मस्थान मंदिर उभे राहिले. साईसच्चरितात बाबांचे जन्मस्थान निश्चित सांगितलेले नाही, त्यामुळे शिर्डीकरांना हा दावा मान्य नाही. जानेवारी २०२० मध्ये पाथरीच्या विकासासाठी शंभर कोटी रुपयांची घोषणा झाली तेव्हा शिर्डीत बंद पाळला गेला होता. भाविकांची वर्दळ मात्र दोन्हीकडे सुरूच आहे.

पाथरीचा आणखी एक इतिहास कमी लोकांना ठाऊक आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचा संस्थापक मलिक अहमद याचे वडील मलिक हसन बहिरी. फिरिश्ता या इतिहासकाराच्या म्हणण्यानुसार ते मूळचे ब्राह्मण आणि त्यांचे घराणे पाथरीच्या कुलकर्ण्यांचे. पुढे निजामशहा आणि वऱ्हाडचा इमादशहा यांच्यात पाथरीवरून वैर पेटले, त्याला हे वडिलोपार्जित नातेही कारण होते. मोगल काळात पाथरी हे वऱ्हाड सुभ्यातल्या एका सरकारचे मुख्य ठिकाण होते. आजच्या तालुक्याच्या गावातून जाताना एकेकाळी दोन सलतनतींनी याच्यासाठी तलवारी उपसल्या होत्या, हे लक्षात ठेवून पाहावे.

गोदाकाठ : मुद्गल ते गंगाखेड

पाथरीपासून प्रवास गोदावरीच्या काठाला लागतो. मुद्गल येथे नदीच्या पात्रातच मुद्गलेश्वराचे दगडी मंदिर आहे. मुद्गल ऋषींशी त्याचे नाते सांगितले जाते. उन्हाळ्यात मंदिरापर्यंत चालत जाता येते. गोदावरीला मोठा पूर आला की पाणी मंदिराला वेढते आणि देऊळ पाण्यात जाते. पूर ओसरला की गाळ काढून पूजा पुन्हा सुरू होते. बांधणाऱ्यांनी नदीचा स्वभाव ओळखून जड दगडांचे, बुटके आणि घट्ट बांधकाम केले म्हणून ते टिकले.

या पट्ट्यात गोदावरीवर एकामागून एक बंधारे आहेत. पाथरी तालुक्यात ढालेगाव, तारुगव्हाण आणि मुद्गल, पुढे पालम तालुक्यात डिग्रस. पावसाळ्यात त्यांची दारे उघडी ठेवून पूर पुढे जाऊ देतात आणि पाऊस सरत आला की दारे टाकून पाणी अडवतात. त्यामुळे हिवाळ्यात कित्येक किलोमीटर नदी संथ तलावासारखी भरलेली राहते. सोनपेठ तालुक्यातील खडका बंधाऱ्याचे पाणी परळीच्या औष्णिक वीज केंद्राला जाते. मराठवाड्यातील पाण्याचे राजकारण आणि पाण्याचे अर्थकारण समजून घ्यायचे असेल तर या बंधाऱ्यांवर थोडा वेळ थांबावे. परळी वैजनाथही सोनपेठ आणि गंगाखेडहून जवळ आहे. अशा रीतीने या फेऱ्याच्या उत्तरेला औंढा आणि दक्षिणेला परळी, अशी दोन ज्योतिर्लिंगे हाताशी येतात.

गंगाखेड हे संत जनाबाईंचे जन्मगाव. तेराव्या शतकात इथल्या दमा आणि करुंड या दांपत्याच्या पोटी त्यांचा जन्म झाला आणि बालपणीच त्या पंढरपूरला नामदेवांच्या घरी गेल्या. दळण-कांडण, झाडलोट आणि पाणी भरणे ही कामे करत त्यांनी अभंग रचले. त्यांच्या नावावर साडेतीनशेच्या आसपास अभंग आहेत. घरकामाला आणि कष्टकरी बाईच्या मनाला मराठी कवितेत त्यांनी जी जागा मिळवून दिली, ती आजही कोणी हिरावलेली नाही. गंगाखेडला त्यांचे मंदिर आहे. गोदावरीच्या घाटांमुळे गावाला दक्षिण काशी म्हणतात आणि अस्थिविसर्जनासाठी दूरदूरचे लोक इथे येतात. घाटावर सकाळी जावे. स्नान, श्राद्धविधी, कपडे धुणे आणि म्हशी पाण्यात सोडणे एकाच वेळी चाललेले असते, आणि नदी या लोकांच्या जगण्यात किती आतपर्यंत आहे ते कळते.

गंगाखेड तालुक्यातच गोदाकाठी धारासूर आहे. तिथले गुप्तेश्वर मंदिर हे जिल्ह्यातील शिल्पकलेचे सर्वोच्च लेणे मानावे लागेल. ताऱ्यासारख्या कोनाकोनांच्या भिंती, त्यांवर रांगेने उभ्या सुरसुंदरी, आरशात पाहणारी, पत्र लिहिणारी, नृत्याच्या पवित्र्यात थबकलेली अशी प्रत्येकीची वेगळी मुद्रा. शतकानुशतके ऊन, पाऊस आणि पूर सोसून मंदिर खचत गेले. चारठाणा आणि धारासूर एकाच प्रवासात पाहिले की यादवकालीन मराठवाडा किती संपन्न होता याचा पुरावा दुसरीकडे शोधावा लागत नाही.

जांभूळबेट आणि पूर्णा

गंगाखेडहून पंचवीसेक किलोमीटरवर पालम. या तालुक्यात गोदावरी दोन धारांत फुटते आणि मधे जांभूळबेट तयार होते. नदीचा वेग जिथे मंदावतो तिथे ती सोबत आणलेला गाळ टाकते. गाळाच्या ढिगावर आधी गवत, मग झुडपे, मग झाडे येतात आणि त्यांची मुळे माती धरून ठेवतात. जांभूळबेट असेच मुळांच्या आधाराने टिकलेले आहे. नावाप्रमाणे इथे जांभळाची झाडे दाट आहेत. मोर आणि पाणपक्षी आहेत. गाडी काठावर ठेवून नावेने बेटावर जावे लागते.

जांभळे पिकतात ती वेळ जूनची, मृगाच्या तोंडावरची. त्या दिवसांत पूर येण्याआधी बेटावर जाता येते. एरवी हिवाळा चांगला. नाव चालवणाऱ्या स्थानिकांचा शब्द मानावा. ते पाणी जास्त आहे म्हणाले तर परत फिरावे, आणि नावेत तरंगजाकीट असेल तरच मुलांना न्यावे. बेटावर प्लास्टिक नेऊ नये, चूल पेटवू नये आणि झाडांच्या फांद्या तोडू नयेत. बेटाची माती मुळांनी धरली आहे. झाडे गेली तर पुढचा पूर बेटही घेऊन जाईल.

पालमहून पूर्णेला येताना पुन्हा गोदावरी ओलांडावी लागते. पूर्णा हे मराठवाड्यातले जुने रेल्वे जंक्शन. इथून एक मार्ग परभणी-मनमाडकडे, एक नांदेडकडे आणि एक हिंगोलीमार्गे अकोल्याकडे जातो. गावाचे अर्थकारण कित्येक दशके रेल्वेवर उभे राहिले. पूर्णेहून परभणीकडे येताना पिंगळीची जुनी दगडी बारव पाहून फेरा पूर्ण करावा.

प्रवासाची सोय

मुक्कामासाठी परभणी, जिंतूर, पाथरी आणि गंगाखेड ही गावे सोयीची आहेत. तिथे लॉज आहेत. नेमगिरीला धर्मशाळा आहे. पेट्रोल पंप तालुक्याच्या गावांत आणि महामार्गावर मिळतात, पण चारठाणा, धारासूर किंवा जांभूळबेटाकडे वळण्यापूर्वी टाकी भरून घ्यावी. आतल्या रस्त्यांवर नकाशाच्या ॲपपेक्षा पारावर बसलेल्या माणसाला विचारलेले अधिक खात्रीचे. जेवायला ज्वारीची भाकरी, पिठले, ठेचा, शेंगदाण्याची चटणी आणि धपाटे जवळपास सगळीकडे मिळतात. संध्याकाळी बैलगाड्या, ऊस भरलेले ट्रॅक्टर आणि दिवे नसलेली वाहने रस्त्यावर असतात, म्हणून अंधार पडण्यापूर्वी मुक्कामाचे गाव गाठावे. देवळांत आणि गुहांत छायाचित्रे काढण्याआधी पुजाऱ्याला किंवा व्यवस्थापनाला विचारावे. मूर्तींना तेल, शेंदूर किंवा खडू लावू नये.

चारठाण्याची देवळे, वालूरची बारव, धारासूरच्या सुरसुंदरी आणि जांभूळबेट ही चारही ठिकाणे आज जपणुकीच्या वाटेवर वेगवेगळ्या टप्प्यांवर आहेत. ज्या गावात बाहेरचा माणूस येऊन कौतुकाने पाहतो, तिथल्या लोकांना आपल्या दगडांचे मोल नव्याने कळते, हा अनुभव राज्यभर आला आहे. रस्त्यावर ठळक पाट्या, प्रत्येक स्थळापाशी मराठीत माहितीफलक आणि स्वच्छतागृह एवढी सोय प्रशासनाने केली तर हा फेरा महाराष्ट्रातल्या चांगल्या पर्यटनमार्गांत मोजला जाईल. तोवर मराठी वाचकांनी वाट पाहू नये. पुढच्या हिवाळ्यात चार दिवस काढावेत, परभणीत गाडीची टाकी भरावी आणि झरी-बोरीच्या रस्त्याने जिंतूरकडे निघावे.